आईचा डोळे उघडे असलेला एकमेव फोटो

इथे, ह्या भुताखेतांच्या ग्रुपवर, जो कोणी अनुभव लिहायला बसतो, तो आधी सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते वाचून मी आजवर हसायचो. आता तेच मला लिहायचंय, तर लिहून टाकतो... माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. माहूरच्या घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा वगैरे किस्से सांगणाऱ्याला मी तोंडावर येडा म्हणतो. माझी जीभ तिखट आहे. नांदेडात माझ्याकडून लग्नाचे फोटो काढून घेतलेल्या कुठल्याही नवरदेवाला विचारा. "मान वर कर, हस जरा, तोंड काय पाडतो" असं ओरडून ओरडूनच मी पंचवीस वर्षं धंदा केला. ह्या ओरडण्याचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझं नाव दिगंबर समजा. नांदेडला आमचा स्टुडिओ आहे, आणि स्टुडिओच्या मागेच घर. घरात मी, बायको सुनंदा आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

तर ह्या आईचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नव्हता. फोटोग्राफरच्या आईचा! बटण दाबायची वेळ आली की तिचे डोळे मिटायचे. फ्लॅश असो, नसो. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती सतरा फोटोंत आहे आणि सतराही फोटोंत झोपलेली. आधार सेंटरवरच्या बाईनं पाच वेळा प्रयत्न केला आणि शेवटी हात जोडले. कार्डावर तिचे डोळे अर्धे मिटलेलेच आहेत. मी तिला चारचौघांत 'झोपाळू' म्हणायचो. पाहुणे हसायचे, तीही तोंडाला पदर लावून हसायची.

दोन वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले हार्ट मोठं झालंय, जपा. त्यानंतर एक दिवस जेवताना ती मला म्हणाली, "दिगू, मी गेल्यावर भिंतीवर बी मला झोपलेलीच लावतो का रे? लोक हात जोडायला येतील आन मी आपली झोपून राहीन."

"मग उघडे ठेव ना डोळे. तुला कोणी धरलंय?"

"जमत न्हाई रे बाबा. तू ओरडतो आन मी मिटून घेते."

हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं. मी वरण मागितलं आणि विषय बदलला. पण ते मनात राहिलं, कारण अपमान तिच्यापेक्षा माझा होता. उद्या आई गेली तर गावभर म्हणतील, ह्याला आईचा एक फोटो धड काढता आला नाही.

कॅमेरा घ्यायचं त्यातूनच डोक्यात आलं. जुने प्रेस कॅमेरे तुम्ही सिनेमात पाहिले असतील. वर्तमानपत्रवाले वापरायचे, दोन हातांनी धरायचा डबा. आत पोस्टकार्डाएवढी फिल्म, एका वेळी एकच. फ्लॅश नको, घाई नको. माणसाला सावलीत निवांत बसवायचं, श्वास रोखायला सांगायचं आणि तीन सेकंद शटर उघडं ठेवायचं. त्या तीन सेकंदांत एकदा पापणी लवली तरी फोटोत डोळे उघडेच येतात. आमच्या झोपाळूवर ह्याच्याइतका चांगला उपाय नव्हता.

जुन्या कॅमेऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं की लातूरला एकांकडे असा कॅमेरा आहे. लोहा, अहमदपूर करत गेलो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत घर, खाली पूर्वीचा स्टुडिओ, आता तिथे मोबाईलचं दुकान. फोटोग्राफर वारलेले, त्यांच्या बायको एकट्याच राहतात. मी त्यांना काकू म्हणालो. त्यांनी लोखंडी ट्रंकेतून धोतरात गुंडाळलेला कॅमेरा काढून माझ्यासमोर ठेवला. अमेरिकन बनावटीचा, वर काळं कातडं. समोरचं झाकण खाली पाडलं की आतून भाता बाहेर येतो. मागं दुधी काच, तिच्यावर समोरचं सगळं उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर. भात्याला एक भोक नाही, लेन्स आरशासारखी स्वच्छ. त्यांच्या मालकांनी तो हैदराबादच्या एका बंद पडलेल्या पेपरच्या ऑफिसातून आणला होता. मला तर कधी एकदा घेऊन पळतो असं झालं.

काकूंनी विचारलं, "वापरणार का शोकेसमधी ठिवणार?"

"वापरणार."

"मग एक सांगते. श्वास धरा म्हणलं की फोटू झाल्यावर सोडा म्हणायचं. इसरायचं न्हाई."

मी म्हणालो, "काकू, जुने फोटोग्राफर सगळेच म्हणायचे तसं."

"त्यांचं येगळं. ह्याच्यापुढं बसलेला माणूस तुमचं ऐकतो. सोडा म्हणल्याबिगर त्याचा श्वास सुटत न्हाई."

समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. डोक्याला रुमाल बांधलेला म्हातारा, खुर्चीत ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. फोटो फार सुरेख, मिशीचा केस न् केस मोजता येईल. पण डोळे मिटलेले. मला आईचीच आठवण झाली आणि हसू आलं. म्हटलं, "फोटोग्राफरच्या घरात डोळे मिटलेला फोटो कसा काय लावला?"

"आमचे मामंजी ते. आधी उघडे होते डोळे."

"म्हणजे?"

"ह्यांनी फोटू काढला आन सोडा म्हणायचं राहिलं. मामंजी बसल्या जागी गेले. फोटू मातर असा आला होता, जिता माणूस बघून राहिलाय. मग ह्यांनी फोटूपुढं हुभं राहून सोडा म्हणलं. तवा मिटले."

त्यांनी हे किराणा सामानाची यादी सांगावी तसं सांगितलं. मी मान डोलावली, कॅमेरा गाडीत ठेवला आणि अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा सुनंदाला फोन करून काकूंच्या आवाजात सगळं ऐकवलं. ती हसली नाही. "असल्या घरातली वस्तू कशाला आणताव?" म्हणाली.

शटरचे कमी स्पीड अडकत होते. ते काम सलीमभाईचं. सलीमभाई म्हणजे वजिराबादमधले घड्याळवाले, माझे तीस वर्षांचे दोस्त. माझ्या स्टुडिओच्या उद्घाटनाचा नारळ त्यांनी फोडलेला. त्यांनी शटर खोललं, रॉकेलनं धुतलं आणि दोन दिवसांत चालू करून दिलं. म्हटलं, पहिला फोटो तुमचाच. त्यांच्या दुकानात, दुपारी, टेबलामागे त्यांना बसवलं. "सलीमभाई, श्वास रोखून धरा." एक, दोन, तीन. झालं. मी फिल्मचा होल्डर काढून पिशवीत घालत होतो, किती सेकंद दिले ते वहीत लिहीत होतो, आणि वर पाहतो तर सलीमभाई अजून तसेच. तोंड लालबुंद.

"अहो सोडा की!"

पाण्यातून वर आल्यासारखा त्यांनी श्वास घेतला. "क्या रे, बोल्या क्यों नै? छूटतीच नै थी सांस."

मी म्हणालो, "नाटकं बंद करा." लातूरच्या काकूंचं मी त्यांना आधीच हसत हसत सांगितलेलं होतं, त्यामुळे ते माझी मजा घेतायत असंच मला वाटलं.

आठवड्यानं मी पुन्हा गेलो. आणि हे मी आजवर सुनंदालाही सांगितलेलं नाही. ह्या वेळी मी मुद्दाम केलं. फिल्म लावली, "श्वास रोखून धरा" म्हणालो, तीन सेकंद मोजले, शटर बंद झालं, आणि मी गप्प बसलो. हातातल्या घड्याळाकडे बघत. वीस झाले. तीस झाले. चाळीसला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात टेबलावर होता, तो उचलायचा प्रयत्न चालला होता, पण बोट हलत नव्हतं. पन्नासला मला स्वच्छ कळलं की हे नाटक नाही. तरी मी थांबलो. साठ गोल आकडा आहे म्हणून.

"सोडा."

ते टेबलावर कोसळले. उघडून ठेवलेल्या एका घड्याळाचे स्क्रू फरशीवर सांडले. बराच वेळ नुसता खोकला. मग मान वर करून म्हणाले, "तेरेकू मालूम था. साठ तक गिन रा था तू."

मी मस्करी, प्रयोग असं काहीतरी बोललो. त्यांनी शटर ओढून दुकान बंद केलं, भर दुपारी. त्यानंतर माझा फोन उचलला नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण घरी येताना मी दुसराच विचार करत होतो. ह्या कॅमेऱ्यापुढे माणूस ऐकतो. हिप्नॉटिझम असेल, काकूंची गोष्ट डोक्यात बसली असेल, काही असेल. पण ऐकतो. म्हणजे आईला डोळे उघडे ठेव म्हटलं तर तीही ऐकेल.

दिवाळी झाल्यावरची एक सकाळ, साडेदहा. मागचा व्हरांडा उत्तरेला आहे, तिथे उजेड छान पसरतो. सुनंदानं आईचे केस विंचरून दिले, हिरवी इरकल नेसवली. आईनं आरसा मागून घेतला आणि दातात अडकलेला सुपारीचा कण काढला. त्या दिवशी फार खुशीत होती. लाकडी खुर्चीत बसली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "झालं की सांग रे बाबा. न्हाईतर मी आपली बसूनच राहीन."

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. फिल्म एका चपट्या लाकडी होल्डरमध्ये असते, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. प्रत्येकीवर पातळ काळी पट्टी सरकवलेली. फोटो काढायच्या आधी ती पट्टी उपसायची, काढून झाला की परत घालायची. नवशिके हमखास पट्टी उपसायची विसरतात. मी दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म कापून वापरत होतो. स्वस्त पडते आणि लाल दिव्यात हाताळता येते.

मी दुधी काचेवर आईला बघितलं. उलटी, डोकं खाली, एवढीशी. होल्डर लावला, बाजूला येऊन उभा राहिलो.

"आई, श्वास रोखून धर. डोळे उघडे ठेव."

तिनं छाती भरून श्वास घेतला. डोळे टक्क उघडे! एक, दोन, तीन. आयुष्यात पहिल्यांदा जमलं. मी जवळजवळ नाचलो आणि पट्टी घालायला हात नेला, तर पट्टी आतच. उपसलीच नव्हती मी. फिल्मवर काहीच उमटलं नव्हतं. पंचवीस वर्षांचा धंदा आणि चूक नवशिक्याची.

माझ्या तोंडातून एक घाण शिवी गेली. आणि मी शिवी दिली तसे तिचे डोळे मिटले.

"हलू नको! तशीच बस. उघड डोळे." पट्टी उपसली. "उघड म्हणतो ना!" जेवढा ओरडत होतो तेवढे घट्ट मिटत होते. शेवटी तशीच एक काढली. पट्टी घातली, होल्डर उलटा करून दुसरी बाजू लावली, आणि तेवढ्यात फोन वाजला. माहूरला प्री-वेडिंग करायचं होतं त्या पार्टीचा. त्यांना ड्रोन हवा होता, मला तारीख बदलायची होती. मी बोलत बोलत अंगणात गेलो. पाच मिनिटं तरी झाली असतील.

सोड म्हणायचं राहिलं होतं. डिजिटलवर हे कधी म्हणावं लागत नाही, सवयच गेलेली. असं मी आता म्हणतो. पण एका आठवड्यापूर्वी साठ सेकंद मोजणारा मीच होतो.

परत आलो तर ती तशीच. ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. मला वाटलं, बरं झालं, हलली नाही. पट्टी उपसली आणि जवळ जाऊन तिच्या तोंडावर ओरडलो, "आई! आयुष्यात एकदा तरी माझं ऐक. डोळे उघड!"

नाही उघडले. "मर तिकडं," असं पुटपुटलो आणि शटर दाबलं. एक, दोन, तीन. ह्या तीन सेकंदांत मी कॅमेऱ्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. डोळे मिटलेले होते. पापणी तसूभर हलली नाही. हे मी कोणत्याही कोर्टात सांगेन.

सुनंदा चहा घेऊन आली. "आई, घ्या," म्हणाली. मग तिनं कप खाली ठेवला आणि आईच्या गालाला हात लावला. "अहो... ह्या गार लागून राहिल्यात."

डॉक्टर गल्लीतच राहतात, लगेच आले. नाडी पाहिली, डोळे उघडून बॅटरी मारली, पापण्या परत मिटल्या. "हार्ट. कधीही होणार होतं," म्हणाले. "वीसेक मिनिटं झाली असतील." मी मनात हिशेब केला. दुसरी फिल्म काढून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. म्हणजे मी ज्या बाईच्या तोंडावर ओरडत होतो...

सुनंदा सारखी एकच गोष्ट बोलत होती, "पडल्या कशा न्हाईत? माणूस गेल्यावर मान तरी पडते." आंघोळ घालायला शेजारच्या बायका आल्या. त्यातली एक म्हातारी बाहेर येऊन कुणाला तरी म्हणाली, "छाती अशी भरलेली हाय. बाई श्वास घेऊन गेली, सोडून न्हाई गेली."

ते मी ऐकलं आणि मला काकूंचा शब्द लख्ख आठवला. आई तेव्हा समोर, दोन हातांवर होती. वाकून कानात 'सोड' म्हणायचं, एवढंच. पण अंगणात पन्नास माणसं. भुताखेतांना हसणारा दिगंबर प्रेताच्या कानात फोटोग्राफीच्या सूचना देतोय... लोक काय म्हणाले असते? मी 'सोड' म्हणालो नाही. गोदावरीवर गेलो, तिथेही नाही. अग्नी दिला. तेव्हाही नाही.

तेरावं झाल्यावर फिल्म धुवायला घेतली. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद, आत लाल दिवा, बाहेर उन्हाची सकाळ आणि सुनंदाच्या भांड्यांचा आवाज. एक्स-रे फिल्म ट्रेमध्ये धुताना चित्र हळूहळू वर येताना दिसतं. पहिली फिल्म. डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. अपेक्षेप्रमाणे. दुसरी टाकली. आधी साडीचे काठ आले, मग हात, मग चेहरा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, काळ्याचं पांढरं. आणि त्या काळ्या चेहऱ्यात दोन पांढरी बुबुळं माझ्याकडे बघत होती.

ट्रे हातातून सुटला नाही, किंचाळलो नाही. हाताला सवय असते. मी वेळ मोजून फिल्म दुसऱ्या पाण्यात टाकली.

स्कॅन करून मोठा प्रिंट काढला. सांगतो, पंचवीस वर्षांत असा फोटो मी काढलेला नाही. कुणीच काढलेला नसेल. ताठ बसलेली म्हातारी, छाती श्वासानं भरलेली, आणि डोळे उघडे, सरळ लेन्समध्ये. घाबरलेले नाहीत, रागावलेले नाहीत. सांगितलं तसं करणाऱ्या माणसाचे डोळे. ओठ काळे आलेत, पण एक्स-रे फिल्मवर लाल रंग काळाच येतो, त्यानं काही सिद्ध होत नाही. भिंगातून पाहिलं तर बुबुळात व्हरांड्याची जाळी दिसते, कॅमेरा दिसतो, आणि कॅमेऱ्याशेजारी मी, तोंड उघडं.

फ्रेम करून बैठकीत लावला. येणारा प्रत्येक जण दारातच थबकतो. "आत्ता बोलतील असं वाटतंय," म्हणतो. पुण्याच्या एका प्रदर्शनात पाठवला, तिथे पहिला आला. आता लातूरहून, हैदराबादहून लोक विचारतात, आमच्या आईबापाचा असा काढून द्याल का. मी नाही म्हणतो. कॅमेरा त्या धोतरात गुंडाळून कपाटात आहे.

सलीमभाई एकदाच आले, आईच्या दुखवट्याला, दोन महिन्यांनी. बसले नाहीत. फोटोसमोर उभे राहिले. बाकी सगळे तिचे डोळे बघतात, ते छातीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इनकू भी नै बोल्या ना तू?" आणि चप्पल घालून गेले.

त्या संध्याकाळी मी लातूरला काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं. साठ सेकंद सोडून.

"सोडा म्हणलाव का मग?"

"नाही."

त्या म्हणाल्या, "मग त्या तशाच बसल्यात, श्वास धरून. फोटूपुढं हुभं राहून म्हणा. डोळे मिटतील, फोटू जाईल. पण त्या सुटतील."

"फोटो नक्की जातो?"

"आमच्या भिंतीवर बघितलाव की. ह्यांनी पण लवकर न्हाई म्हणलं. इतका चांगला फोटू आलाय म्हणून अकरा महिने ठिवलं सोताच्या बापाला. मी रोज पाया पडायची." मग त्यांनी विचारलं, "तुमी किती ठिवणार?"

मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, ह्याला काहीतरी कारण असेल. मीही सगळी शोधलीत. आधीची फिल्म चुकून दुसऱ्यांदा वापरली म्हणावं, तर ह्या कॅमेऱ्यानं तिचा आधी फोटोच काढला नव्हता, उघड्या डोळ्यांचा तर कुठेच नाही. डॉक्टरांचा अंदाज चुकला म्हणावं, आणि तीन सेकंदांत तिनं डोळे उघडले असं धरावं, तर मी बघत होतो. पट्टी आत राहिली तेव्हाचे उघडे डोळे उमटले म्हणावं, तर ती बाजूच वेगळी होती. पुण्यातल्या दोन जाणकारांना निगेटिव्ह दाखवली. दोघं म्हणाले, छेडछाड नाही, अप्रतिम आहे, कसा काढला?

आणि कारणच सापडत नसेल तर मग एक शब्द म्हणून टाकायला काय हरकत आहे? माझा विश्वास तर नाहीच. म्हटलं तर काहीच होणार नाही. रोज सकाळी उदबत्ती लावतो, समोर उभा राहतो, तो शब्द जिभेवर येतो. आणि रोज मनात येतं, समजा झालंच काही? निगेटिव्हमध्येपण मिटतील का डोळे? स्कॅनमध्ये? मग माझ्याकडे काय राहील? सतरा फोटो, झोपलेले.

पुढच्या आठवड्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. काकूंच्या मालकांनी अकरा महिने ठेवलं होतं. मी त्यांना मागं टाकलं.

काल दुपारी सुनंदा फोटोसमोर उभी होती. मी काकूंशी बोललो ते तिनं दाराआडून ऐकलं होतं, हे मला कालच कळलं. तिनं हात जोडले होते आणि ती म्हणत होती, "आई, सोडा. सोडा आता, आई. सोडा." किती वेळ म्हणत होती देव जाणे, आवाज बसला होता. फोटोत काही हललं नाही. आई तशीच छाती भरून समोर बघत राहिली.

मग सुनंदा माझ्याकडे वळली. "माझं न्हाई ऐकून राहिल्या त्या. तुमचंच ऐकतात. 'झालं की सांग' म्हणल्या होत्या तुम्हाला. म्हणा ना."

मी फोटोकडे बघितलं. खिडकीतून ऊन येऊन काचेवर पडलं होतं आणि त्या उजेडात पापणीचा केस न् केस दिसत होता. काय शार्प आलाय.

"जेवायला वाढ," मी म्हणालो.